हान्को: बर्फ जिथे शेवटी पोहोचतो

प्रश्न असा होता: दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचताना फिनलंडमधल्या हान्को या गावाचं नाव सारखं येतं. वस्ती जेमतेम आठ हजार. तरी स्टालिननं ते हट्टानं मागितलं, ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतलं आणि पावणेदोन वर्षांत सोडूनही दिलं. असं त्या गावात होतं तरी काय? कोणी भूगोलासकट समजावून सांगेल का?

मी मर्चंट नेव्हीतला. नोकरीची बरीच वर्षं बाल्टिकमध्ये रो-रो (गाड्या थेट चाकांवर चढवता-उतरवता येतात अशा) जहाजांवर गेली आणि हान्कोचा धक्का मला उन्हाळ्यात, हिवाळ्यात, धुक्यात सगळ्या अवस्थांत पाहायला मिळाला. इतिहासकार नाही, त्यामुळे उत्तर दर्यावर्दी माणसाच्या नजरेनं देतो. पण या गावाच्या बाबतीत तीच नजर उपयोगी पडते असं माझं मत आहे. हान्कोत सोनं नाही, कोळसा नाही, सुपीक जमीन नाही. आहे ती फक्त जागा. समुद्रात घुसलेलं टोक, खाली वाळूचा भक्कम बांध, आणि हिवाळ्यात बर्फ जिथे सगळ्यांत उशिरा येतो असं पाणी. गेल्या दीडशे वर्षांत या गावाचं जे काही भलं-बुरं झालं, ते या जागेमुळेच.

आधी नकाशा उघडा. फिनलंडचा दक्षिण किनारा पूर्व-पश्चिम जातो. पूर्वेला टोकाशी सेंट पीटर्सबर्ग. तिथून पश्चिमेला निघालात की डाव्या हाताला एस्टोनिया, उजव्या हाताला फिनलंड, मध्ये फिनलंडचं आखात. हे आखात जिथे संपतं आणि खुला बाल्टिक सुरू होतो, तिथेच उजव्या हाताला जमिनीची एक लांब जीभ नैर्ऋत्येकडे समुद्रात शिरलेली दिसेल. तेच हान्कोचं द्वीपकल्प. त्याचं शेवटचं टोक तुल्लिनिएमी, फिनलंडच्या मुख्य भूमीचा सर्वांत दक्षिणेकडचा बिंदू. हेलसिंकी इथून साधारण १३० किलोमीटर. समोरचा एस्टोनियाचा किनारा साधारण ७० किलोमीटर. म्हणजे पीटर्सबर्गला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजाला या दोन किनाऱ्यांमधूनच जावं लागतं. दरवाज्याच्या चौकटीत गाव वसलं की येणाराजाणारा प्रत्येक जण त्याला धक्का देऊन जातो, तसं हान्कोचं झालं.

आता ती जीभ तिथे आली कशी? फिनलंडचा बाकीचा दक्षिण किनारा पाहिलात तर ग्रॅनाइटचे घासून गुळगुळीत झालेले खडक आणि हजारो बारीक बेटं दिसतात. हान्को मात्र वाळूवर बसलंय. हिमयुगाच्या शेवटी उत्तरेकडे मागे सरकणारी हिमचादर हवामान पुन्हा गारठल्यामुळे काही शतकं जवळपास एकाच रेषेवर अडखळली. ही गोष्ट १२ हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची. बर्फाच्या कडेतून वितळलेलं पाणी वाहत होतं आणि सोबत आणलेली वाळू, गोटे, खडी तिथेच टाकत होतं. त्यातून जो लांबच लांब बांध तयार झाला त्याला साल्पाउसेल्कॅ म्हणतात. असे दोन-तीन बांध एकामागे एक आहेत. पहिला हान्कोपासून लोह्या, ह्युविंकॅ, लाहती, लाप्पेनरांतावरून थेट पूर्वेकडे योएन्सूच्या दिशेनं जातो. हान्को हे त्याचं कोरड्या जमिनीवरचं शेवटचं टोक. त्यापुढेही तो नैर्ऋत्येला पाण्याखाली जातो.

या बांधाचे फायदे तोलामोलाचे आहेत. वाळू-खडीतून पाणी गाळून खाली साठतं, त्यामुळे तिन्ही बाजूंनी समुद्र असूनही गावाला जमिनीखालचं गोडं पाणी मिळतं. वरून रस्ता किंवा रेल्वे न्यायची तर खडक फोडायला नको, दलदल भरायला नको. बांधाच्या माथ्यावरून सरळ चालत सुटायचं. गावाला सुमारे १३० किलोमीटरचा किनारा आहे आणि त्यातला ३० किलोमीटरच्या आसपास वाळूचा. फिनलंडमध्ये ही चैन आहे. तोटा एकच, शेती जवळजवळ नाही. पाइनची झाडं आणि वाळू.

आपल्या कोकणातून गेलेल्या माणसाला तिथे चुकल्यासारखं वाटतं, कारण भरती-ओहोटीच नाही. बाल्टिक हा जवळपास बंद समुद्र, त्यामुळे पाणी वर-खाली होतं ते वाऱ्यानं आणि हवेच्या दाबानं. सलग नैर्ऋत्य वारा वाहिला की पाणी चढतं, हवेचा दाब वाढला की उतरतं, आणि त्याला तिथीशी देणंघेणं नाही. खारटपणाही नावापुरता. महासागरात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं, इथे सहाच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, बर्फाच्या गोष्टीत तो कामाला येईल.

आणखी एक, जमीन वर येतेय. हिमचादरीच्या वजनानं दबलेलं कवच अजून सावरतंय. फिनलंड आणि स्वीडनमधल्या बोथ्नियाच्या आखाताच्या अरुंद भागात हा वेग वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर आहे, हान्कोला त्याच्या निम्म्याहून कमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाचशे वर्षांत मीटरभराहून जास्त फरक पडतो, आणि हान्कोत तो डोळ्यांनी दिसतो.

दिसतो तो हाउएनसुओलीला. गावाच्या अगदी जवळ दोन छोट्या बेटांमध्ये एक अरुंद, सुरक्षित खाडी आहे. नावाचा अर्थ 'पाइक माशाचं आतडं', आणि आकार पाहिला की नाव पटतं. शिडाच्या जहाजांच्या काळात हान्कोच्या टोकाला वळसा घालताना दिशा बदलावी लागे, आणि दिशा बदलली की तोच वारा उलटा पडे. मग अनुकूल वाऱ्याची वाट पाहत नांगर टाकून बसायचं. दिवस, कधी आठवडे. बसून काय करणार? लोकांनी खडकावर नावं कोरली. पंधराव्या शतकापासूनची सहाशेहून जास्त कोरीव नावं, व्यापाऱ्यांच्या खुणा आणि सरदारांची कुलचिन्हं तिथे आहेत. जवळून पाहिलं तर हातांतला फरक कळतो. काही ढाली मोजमाप घेऊन, कडा ताशीव करून खोदल्यात. तो सरदारानं पैसे देऊन पाथरवटाकडून करून घेतलेला मामला. शेजारी एखादं नाव असं की पहिलं अक्षर मोठं, पुढची जागा संपत आली म्हणून बारीक होत गेलेली. हे खलाश्याचं काम, शंका नको. आणि हे सगळं आज पाण्यापासून जितकं उंच दिसतं तितकं कोरताना नव्हतं.

जलमार्ग त्याहून जुना. तेराव्या शतकातल्या एका डॅनिश मार्गवर्णनात स्वीडनच्या किनाऱ्यापासून ताल्लिनपर्यंतचे थांबे दिलेत, त्यात हान्को आहे, फिन्निश नावासकट. गाव मात्र तेव्हा नव्हतंच. कोळी, जहाजांना वाट दाखवणारे पायलट आणि नांगर टाकलेली जहाजं, एवढंच.

मग १७१४. स्वीडन आणि रशिया यांच्यातलं मोठं उत्तरी युद्ध चालू होतं आणि फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. पीटर द ग्रेटला आपल्या वल्ह्यांच्या गलबतांचा ताफा पश्चिमेला न्यायचा होता. हान्कोच्या टोकासमोर स्वीडिश अ‍ॅडमिरल वाट्रांग मोठमोठ्या शिडाच्या युद्धनौकांची रांग लावून बसलेला. पीटरनं ठरवलं, वळसाच नको, द्वीपकल्पाच्या अरुंद गळ्यावरून लाकडी ओंडके टाकून गलबतं ओढत पलीकडे न्यायची. स्वीडिशांना सुगावा लागला आणि त्यांनी एरेनशोल्ड नावाच्या अधिकाऱ्याला थोडी जहाजं देऊन पलीकडच्या बाजूला उभं केलं. इथे वाऱ्यानं घात केला. समुद्र अगदी स्तब्ध झाला. शिडाची जहाजं जागच्या जागी, आणि रशियन गलबतं वल्ही मारत त्यांच्या तोफांच्या पल्ल्याबाहेरून निघून गेली. पुढे रीलाहतीजवळ एरेनशोल्डची छोटी तुकडी कोंडली गेली आणि तीनदा हल्ला होऊन पडली. जुन्या रशियन पंचांगानं २७ जुलै. नव्या रशियन नौदलाचा हा पहिला मोठा विजय. रशियन भाषेत या जागेचं नाव गांगुत, आणि त्या नावाच्या युद्धनौका रशियानं पुढे दोनशे वर्षं बांधल्या. स्टालिनच्या नौदल अधिकाऱ्यांना हान्को काय आहे ते कुणी शिकवायची गरज नव्हती.

किल्ल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार दम नाही. १७८८ च्या युद्धाच्या सुमारास स्वीडननं समोरच्या बेटांवर तटबंदी बांधली, त्यातला मुख्य किल्ला गुस्तावस्व्हॅर्न. १८०८ मध्ये तो रशियाच्या हाती गेला, १८०९ मध्ये अख्खा फिनलंडच झारच्या अखत्यारीतली ग्रँड डची, म्हणजे स्वायत्त संस्थान, झाला. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात ब्रिटिश नौदलानं येऊन तोफा डागल्या आणि त्याच उन्हाळ्यात रशियनांनी स्वतःच किल्ले सुरुंगानं उडवले. बस्स.

खरी गोष्ट बर्फाची. एकोणिसाव्या शतकात फिनलंड दर हिवाळ्यात जगापासून तुटायचा. बंदरं डिसेंबर-जानेवारीत गोठायची ती एप्रिल-मेपर्यंत. लाकूड थांबू शकतं, पण टपाल, लोणी, माणसं यांचं काय? गोड्याकडे झुकलेलं पाणी शून्याच्या जरासं खालीच गोठतं, त्यात उथळ आणि बेटांनी वेढलेलं असेल तर आणखी लवकर. बोथ्नियाचं आखात उत्तरेकडून आणि फिनलंडचं आखात पूर्वेकडून गोठत येतं. हान्कोसमोर मात्र खोल, खुला बाल्टिक आहे. त्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब जास्त दिवस टिकते, लाटा बर्फाची कातडी जमू देत नाहीत. म्हणून बर्फ इथे सगळ्यांत शेवटी येतो आणि मवाळ हिवाळ्यात धड येतच नाही. जहाजाच्या ब्रिजवर उभं राहून हे शब्दशः पाहता येतं: पूर्वेकडे पांढरं, पश्चिमेकडे काळंभोर पाणी. अर्थात वाऱ्याचा भरवसा नाही. उत्तरेचा वारा असला की किनाऱ्यालगत मोकळी वाट मिळते, नैर्ऋत्येचा सुटला की वाहता बर्फ येऊन रेटून बसतो आणि जहाजाच्या पत्र्यावर रात्रभर करवत चालल्यासारखा आवाज येत राहतो.

हे व्यापाऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. ह्युविंकॅपर्यंत हेलसिंकीची रेल्वे होतीच, आणि १८७० मध्ये ती पीटर्सबर्गशी जोडली गेली होती. ह्युविंकॅपासून वाळूच्या बांधावरून हान्कोला फाटा काढला तर फिनलंडला, जमल्यास पीटर्सबर्गलाही, हिवाळी बंदर मिळेल. खासगी कंपनीनं सुमारे १५० किलोमीटरची लाइन बांधली आणि ऑक्टोबर १८७३ मध्ये ती सुरू झाली. पीटर्सबर्गचा माल मात्र अपेक्षेप्रमाणे आला नाही; पीटर्सबर्गहून ताल्लिन आणि पाल्दिस्कीला जाणारी रेल्वे १८७० मध्येच सुरू होऊन बसली होती. कंपनी बुडाली आणि १८७५ मध्ये सरकारनं लाइन विकत घेतली. त्या दरम्यान, १८७४ मध्ये, झार अलेक्झांडर दुसरा याच्या हुकुमानं हान्कोला शहराचा दर्जा मिळाला. म्हणजे क्रम पाहा: आधी धक्का, मग रेल्वे, मग गाव. युरोपात असं उलटं जन्मलेलं गाव विरळाच.

१८७७ पासून 'एक्सप्रेस' नावाची आगबोट हिवाळ्यातही हान्को–स्टॉकहोम ये-जा करू लागली. १८९० मध्ये फिनलंडचा पहिला सरकारी आइसब्रेकर आला, 'मुर्ताया'. स्टॉकहोमला बांधलेला, आणि काम मुख्यतः हान्कोची वाट मोकळी ठेवणं. त्याचं नाक चमच्यासारखं गोल होतं. सपाट बर्फावर चढून वजनानं तोडायला हा आकार चांगला, पण तुटून साचलेल्या, बर्फ-हिमाच्या लगद्यात तो समोरचा ढीग बाजूला सारायच्या ऐवजी पुढे ढकलत बसायचा. कठीण हिवाळ्यात तो रुतला आणि लोकांनी ओरड केली. १८९८ चा 'साम्पो' इंग्लंडमध्ये बांधला, त्याला पुढेही एक पंखा (प्रोपेलर) होता. पुढचा पंखा पाणी ओढून बर्फाखालची जागा रिकामी करतो, खालचा आधार गेला की बर्फ कोसळतो. आज फिनलंड जगाला आइसब्रेकर विकतो. त्या विद्येची पहिली शाळा हान्कोसमोरचं पाणी.

वाट वर्षभर उघडी राहिल्याचा पहिला फायदा लोण्याला झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिनलंडचं लोणी इंग्लंडला जाऊ लागलं आणि ते हान्कोतून जाई. १९०५ मध्ये १७ सहकारी दूधसंघांनी मिळून लोणी-निर्यातीसाठी संस्था काढली आणि तिचं कार्यालय हान्कोत थाटलं. तीच आजची वालिओ, फिनलंडची सगळ्यांत मोठी डेअरी. पुढे या संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या आर्तुरी विर्तानेन यांना हिरवा चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण तोवर संस्था हेलसिंकीला गेलेली होती.

दुसरा फायदा म्हणावा की नाही, ठरवता येत नाही. लोणी नेणारीच जहाजं माणसं नेऊ लागली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या फिनलंड स्टीमशिप कंपनीच्या बोटी हान्कोहून इंग्लंडच्या हल बंदराला जात. तिथून रेल्वेनं लिव्हरपूल, तिथून अटलांटिक ओलांडून अमेरिका किंवा कॅनडा. १८८० च्या दशकापासून १९३० पर्यंत अडीच लाखांहून जास्त फिन्निश लोक या एका धक्क्यावरून गेले. बहुतेक पश्चिमेकडच्या ओस्त्रोबोथ्निया प्रांतातले: ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही असे धाकटे मुलगे, शेतमजूर, मोलकरणी. १८९९ नंतर झारनं फिनलंडची स्वायत्तता आवळायला सुरुवात केली आणि १९०१ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला, तेव्हा गर्दी आणखी वाढली. गावात त्यांच्यासाठी वसतिगृहं, तिकीट-दलाल, कडक बिस्किटं विकणारे दुकानदार असा एक धंदाच उभा राहिला. एप्रिल १९१२ मध्ये 'पोलारिस' नावाच्या बोटीनं हान्कोहून निघालेल्यांपैकी अनेक जण पुढे टायटॅनिकवर चढले. टायटॅनिकवर ६३ फिन्निश प्रवासी होते, त्यातले २० वाचले. अमेरिकेत मिशिगन-मिनेसोटाच्या खाणींत फिन्निश आडनावं सापडतात, त्यातल्या बऱ्याच घरांत मायदेशाचं शेवटचं दर्शन म्हणजे हान्को.

त्याच काळात त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला रशियन बडे लोक समुद्रस्नानाला येत. १८७९ मध्ये आरोग्यस्नानगृह निघालं, बागा आखल्या गेल्या, लाकडी नक्षीच्या पांढऱ्या-पिवळ्या हवेल्या उठल्या. यातल्या कितीतरी अजून उभ्या आहेत आणि उन्हाळ्यात राहायला मिळतात. पुढे फिनलंडचा सेनानी मार्शल मानरहाइम यानं इथे एका बेटावर उन्हाळी घर घेतलं. शेजारच्या कॅफेतला गोंगाट झोपू देईना, म्हणून १९२७ मध्ये त्यानं कॅफेच विकत घेतला, असं सांगतात. दारूबंदीचा काळ होता आणि तिथल्या चहाच्या कपात नेहमी चहाच असे असं नाही. 'चार वाऱ्यांचं घर' हा कॅफे अजून चालू आहे.

१९१७ च्या डिसेंबरात फिनलंड स्वतंत्र झाला आणि जानेवारीत यादवी पेटली. दक्षिण किनारा 'लालां'कडे म्हणजे समाजवाद्यांकडे, उत्तर त्यांच्या विरोधी 'पांढऱ्यां'कडे. पांढऱ्यांच्या मदतीला जर्मनी येणार, पण उतरणार कुठे? एप्रिलच्या सुरुवातीला फिनलंडचा बराचसा किनारा गोठलेला असतो. ३ एप्रिल १९१८ ला जनरल फोन डेर गोल्त्सचं बाल्टिक डिव्हिजन, सुमारे साडेनऊ हजार सैनिक, हान्कोला उतरलं. रशियन नौदलाच्या चार पाणबुड्या बंदरात होत्या, त्या त्यांच्याच लोकांनी बुडवल्या. समोर तयार रेल्वे. दहा दिवसांत हेलसिंकी पडलं. लोण्यासाठी केलेली सोय सैन्यालाही तितकीच चालते, हे सगळ्या संबंधितांनी टिपून ठेवलं असणार.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. १९३९ च्या शरदात मॉस्कोनं फिनलंडकडे ज्या मागण्या ठेवल्या, त्यात हान्कोचा भाडेपट्टा होता. एस्टोनियाकडून पाल्दिस्की आणि बेटांवरचे तळ सप्टेंबरातच मिळवलेले होते. समोर हान्को मिळालं की दोन्ही बाजूंनी तोफा आणि मध्ये सुरुंग, लेनिनग्राडचं (पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) दार बंद. कल्पना नवी नव्हती. झारच्या नौदलानं पहिल्या महायुद्धाआधी हाच आराखडा केला होता. फिनलंडच्या नजरेतून पाहिलं तर मात्र दारावर परकी फौज बसते आणि तिथून रेल्वे थेट हेलसिंकीच्या पाठीशी जाते. फिन्निश शिष्टमंडळ नाही म्हणालं. हान्को नाही तर शेजारची तीन बेटं तरी द्या, इतपत स्टालिन खाली आला. तेही जमलं नाही. ३० नोव्हेंबरला युद्ध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत क्रूझर 'किरोव्ह' हान्कोसमोरच्या रुसारो बेटावर चालून आली आणि तिथल्या तोफखान्यानं तिला परतवली. पण युद्ध हरलं गेलं पूर्वेच्या सीमेवरच्या कारेलियात, आणि १२ मार्च १९४० च्या मॉस्को तहात हान्को गेलंच: ३० वर्षं, वर्षाला ८० लाख फिन्निश मार्क भाडं.

गाव रिकामं करायला दहा दिवस मिळाले. आठेक हजार माणसं. ऐन मार्च, रस्त्यांवर बर्फ, एक रेल्वे लाइन. लोकांनी यंत्रं, दुकानातला माल, घरांच्या खिडक्यासुद्धा काढून नेल्या. २२ मार्चच्या मध्यरात्री हद्द बदलली. मग तिथे पंचवीस-तीस हजार सोव्हिएत सैनिक आणि कर्मचारी आले. सप्टेंबरपासून त्यांच्या गाड्या फिनलंडच्या हद्दीतून ये-जा करू लागल्या. रेल्वेच्या डब्यावर बसवलेल्या ३०५ मिलिमीटरच्या तीन प्रचंड तोफा आल्या. त्यांच्या नळ्या १९१६ मध्ये काळ्या समुद्रात स्फोट होऊन बुडालेल्या 'इम्पेरात्रित्सा मारिया' या युद्धनौकेवरून वर काढलेल्या. वाळूचा बांध इथेही कामाला आला. एवढ्या वजनाच्या तोफांना रेल्वे फाटे काढायला दुसरीकडे खडक फोडावा लागला असता.

जून १९४१ मध्ये पुन्हा युद्ध. फिन्निश सैन्यानं द्वीपकल्पाच्या गळ्यावर खंदक-बंकरांची ओळ धरली, काही काळ स्वीडिश स्वयंसेवकही सोबत होते. मोठा हल्ला कुणीच केला नाही; चार-पाच महिने तोफा, गस्ती आणि बेटांवरच्या चकमकी. त्यातली सगळ्यांत भयंकर बेंग्टशॅरची, २६ जुलै १९४१. बेंग्टशॅर म्हणजे खुल्या समुद्रातला उघडा खडक आणि त्यावर १९०६ मध्ये बांधलेलं ग्रॅनाइटचं दीपगृह, ५२ मीटर, नॉर्डिक देशांतलं सर्वांत उंच. सोव्हिएत तुकडी रात्री उतरली आणि दीपगृहाच्या तळमजल्यात, जिन्यात, हातघाईची लढाई झाली. ३१ फिन्निश सैनिक मेले. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मुद्दाम बुजवलेल्या नाहीत.

हान्को हातातून गेलं ते या लढायांमुळे नव्हे. ऑगस्टच्या शेवटी जर्मनांनी ताल्लिन घेतलं आणि आखाताचा दक्षिण किनारा गेला. दोन खांबांपैकी एकच उभा राहिला तर दार कसलं बंद करणार? त्यात हिवाळा जवळ आलेला. पाणी गोठलं की जहाजं येणार नाहीत आणि शत्रू बर्फावरून चालत येईल. तिकडे लेनिनग्राडला वेढा पडलेला, तिथे माणसं हवी होती. ऑक्टोबरच्या शेवटापासून २ डिसेंबरपर्यंत ताफ्यामागून ताफा करत वीस हजारांहून जास्त लोक समुद्रमार्गे नेले. सुरुंगांनी भरलेल्या आखातातून, रात्रीच्या काळोखात. दर्यावर्दी म्हणून मला हे धाडस मानावंच लागतं. शेवटच्या ताफ्यात 'योसिफ स्टालिन' हे मोठं प्रवासी जहाज होतं, साडेपाच हजारांच्या आसपास माणसं घेऊन. ३ डिसेंबरला ते एस्टोनियाजवळ सुरुंगांवर गेलं. सुमारे अठराशे जणांना सोबतच्या छोट्या जहाजांनी उचललं, हजारो मेले, उरलेले जर्मनांच्या कैदेत गेले. हान्कोतल्या त्या रेल्वे-तोफा सोव्हिएतांनी निघण्यापूर्वी निकामी केलेल्या होत्या. फिन्निश लोकांनी त्या दुरुस्त केल्या आणि युद्धानंतर परत द्याव्या लागल्या.

१९४४ च्या शस्त्रसंधीत सोव्हिएत युनियननं हान्कोचा हक्क सोडला आणि त्याऐवजी हेलसिंकीच्या अगदी बगलेतलं पोर्कला ५० वर्षांसाठी घेतलं. तेही १९५६ मध्ये परत दिलं. तोफांचे पल्ले आणि विमानं वाढली, आखाताच्या तोंडाशी बसण्याचं महत्त्व तितकंसं उरलं नाही.

परतलेल्यांना अर्धं गाव पडलेलं मिळालं. जुना पाण्याचा टॉवर सोव्हिएत सैन्यानं जाताना उडवला होता. आजचा १९४३ चा. तो आणि चर्च टेकाडावर शेजारी उभे आहेत, समुद्रावरून येताना गावाची पहिली खूण तीच. १९१८ च्या जर्मन मदतीचा कृतज्ञता-स्तंभ तर राजकारणाप्रमाणे उठत-बसत राहिला: १९२१ मध्ये उभारला, सोव्हिएतांनी पाडला, १९४३ मध्ये पुन्हा उभा केला, युद्धानंतर जर्मनांचा उल्लेख असलेल्या मजकुरामुळे काढला, आणि पुढे जर्मनांचं नाव वगळून, फक्त स्वातंत्र्याचा उल्लेख ठेवून परत बसवला.

आजचं हान्को दोन भाषांचं गाव आहे. निम्म्याहून थोडे जास्त फिन्निश बोलणारे, चाळीस टक्क्यांच्या वर स्वीडिश. स्वीडिशमध्ये नाव हांगो. पोट अजून बंदरावरच चालतं. फिनलंडला येणाऱ्या नव्या मोटारगाड्यांचा मोठा हिस्सा इथे उतरतो, जर्मनी-पोलंड-एस्टोनियाकडून ट्रेलर येतात, कागद बाहेर जातो. कोव्हरहारचा पोलाद कारखाना १९६१ पासून होता, तो २०१२ मध्ये बंद पडला आणि त्याचा धक्का नंतर बंदरानं घेतला. वस्ती १९८० च्या दशकात बारा हजारांच्या आसपास होती, ती आता आठ हजारांवर आली. तरुण हेलसिंकीला जातात. आता सगळीच बंदरं आइसब्रेकरच्या जोरावर वर्षभर चालतात, त्यामुळे बर्फ उशिरा येण्याची मक्तेदारी उरली नाही. तरी उत्तरेकडच्या बंदरांसाठी जहाजाला आइस क्लासच्या (बर्फात टिकण्याच्या मजबुतीच्या दर्जाच्या) कडक अटी लागतात तेव्हा हान्कोला बहुधा सहज जाता येतं, आणि वेळापत्रकावर जगणाऱ्या रो-रो लाइनला तेच हवं असतं.

जायचं असेल तर हेलसिंकीहून कार्या या स्टेशनापर्यंत गाडी, तिथे बदलून हान्को. जून ते ऑगस्ट बरं, एरवी निम्मं गाव बंद असतं. हाउएनसुओलीला बोटीनंच जाता येतं. रुसारो अजून लष्करी बेट आहे, उन्हाळ्यात फक्त मार्गदर्शकासोबतच्या सहलीनं. लाप्पोह्याजवळ जुन्या आघाडीवरच युद्धसंग्रहालय आहे, खंदकांसकट. तिथे अर्धा दिवस द्या. तुल्लिनिएमीच्या टोकाकडे पायवाट जाते, मोटारींच्या भल्यामोठ्या वाहनतळाच्या कुंपणाला लागून. एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर त्या टोकावर स्थलांतरित पक्ष्यांची झुंबड असते. पक्षीनिरीक्षण केंद्र १९७९ पासून तिथे नोंदी ठेवतंय. बेंग्टशॅरची बोट वारा वाढला की रद्द होते, म्हणून ती सहल पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे हुकली तरी पुढचा दिवस हाताशी राहील.